काटा दोन हजारांवर, विमान जमिनीवर!

दोस्तांनो, गोष्ट जानेवारीतल्या एका रविवारची. मी आपला चहाचा कप घेऊन पेपर उघडतोय, तोवर दारावर धाडधाड! बघतो तर शेजारचा नववीतला चिरंजीव. (नाव छापायचं नाही, ही त्याचीच अट.) धापा टाकत म्हणतो कसा, "काका, चला की ओ आमच्यात. विमान बिघडलंय!"

आमच्या राजारामपुरीत काय बिघडत नाही? मोटरसायकल बिघडते, मिक्सर बिघडतो, पाण्याची मोटर तर ऐन सणाच्या दिवशी बिघडते. पण विमान बिघडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. चहा तसाच ठेवून गेलो.

तर विमान होतं संगणकाच्या पडद्यावर. सेस्ना १७२ नावाचं चार जणांचं छोटं विमान, आणि ते उभं होतं चक्क आपल्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवर! कोल्हापूरचा हा विमानतळ १९३९ साली सुरू झाला. त्याला नाव आहे छत्रपती राजाराम महाराजांचं, आणि आमच्या राजारामपुरीलाही त्यांचंच. म्हणजे नात्यानं तो आमचा भाऊच म्हणायचा!

"बघा," चिरंजीवांनी एका तबकडीवर बोट ठेवलं. "हे उंची दाखवतंय. विमान अजून जमिनीवर हाय, आणि काटे बघा कुठं गेल्यात!"

तबकडी घड्याळासारखी होती. लहान काटा दोनावर, मोठा काटा शून्यापाशी. जणू दुपारचे दोन वाजलेत. लहान काटा हजार फूट मोजतो, म्हणजे उंची झाली दोन हजार फूट. चाकं मात्र डांबराला टेकलेली. आता बोला!

तुम्हाला काय वाटतं, विमान खरंच बिघडलं होतं? पुढं वाचण्याआधी जरा विचार करा.

विमानातला उंचीमापक फूटपट्टी लावून काही उंची मोजत नाही. तो मोजतो हवेचा दाब. वर जावं तसा दाब कमी होतो, आणि त्यावरून यंत्र उंचीचा अंदाज बांधतं. ही उंची साधारणपणे समुद्रसपाटीपासूनची असते. आणि आपलं कोल्हापूर काही समुद्रात नाही! उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. म्हणजे किती फूट? जवळजवळ दोन हजार. काटा बरोबर होता, चिरंजीव चूक.

त्याचं तोंड एवढंसं झालं. कारण पठ्ठ्यानं विमान बनवणाऱ्यांना कळवण्यासाठी चिठ्ठी खरडून ठेवली होती, "तुमचं यंत्र चुकीचं आहे!" ती फाडली. मग मान वर करून म्हणाला, "पण काका, चूक असती तर मी कुणाला कळवणार होतो? हे बनवतंय कोण?"

या प्रश्नासाठीच आजचा लेख लिहायला घेतलाय.

या प्रोग्रॅमचं नाव फ्लाइटगिअर. विमान उडवण्याचा सराव देणाऱ्या अशा प्रोग्रॅमना सिम्युलेटर म्हणतात. बाजारात विकत मिळणारे सिम्युलेटर पुष्कळ आहेत. पण ते म्हणजे झाकण सील केलेलं घड्याळ. वेळ बघा, आत डोकवायचं नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या डेव्हिड मर यांनी इंटरनेटवर एक प्रस्ताव मांडला. असा सिम्युलेटर आपणच सगळ्यांनी मिळून बनवू या, ज्याचं झाकण कुणालाही उघडता येईल! कर्टिस ऑल्सन यांनी हे काम पुढं नेलं आणि १९९७ च्या जुलैत पहिली आवृत्ती बाहेर पडली. कंपनी नाही, मालक नाही, पगार नाही. दिवसभराची आपापली कामं उरकून रात्री प्रोग्रॅम लिहीत बसायचं! १.० हा आवृत्तीचा आकडा गाठायलाच या मंडळींना दहा वर्षं लागली, २००७ चा डिसेंबर उजाडला.

विमान उडतं कसं याचं गणितही असंच मिळालं. नासाच्या एका संशोधन केंद्रात ब्रूस जॅक्सन यांनी लार्कसिम नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, तो खुला होता. सुरुवातीला तोच वापरला. पुढं जॉन बर्न्ट आणि त्यांच्या साथीदारांनी जेएसबीसिम तयार केला. याचं काम ऐका. विमानाचं वजन खाली ओढतं, पंख वर उचलतात, इंजिन पुढं रेटतं आणि हवा मागं खेचते. जेएसबीसिम ही ओढाताण सेकंदाला १२० वेळा नव्यानं मोजतो! तुमच्या पापणीची एक उघडझाप होईतो याची डझनभर गणितं सोडवून झालेली असतात. नासानं २०१५ साली वेगवेगळ्या सिम्युलेटरांची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा आपल्या प्रोग्रॅमांच्या रांगेत या हौशी मंडळींच्या जेएसबीसिमलाही बसवलं. आहे की नाही मजा?

आता हे सगळं फुकट का? तर त्याला एक परवाना जोडलेला आहे, जीपीएल नावाचा. प्रोग्रॅम वापरा, उघडून वाचा, बदला, मित्राला द्या. विकलात तरी चालेल! अट एवढीच की दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोडही द्यायचा आणि हीच मोकळीक त्यालाही ठेवायची. (आईबाबांनो, इकडे लक्ष द्या. काही चलाख लोकांनी हाच प्रोग्रॅम नवं नाव लावून पैशाला विकलेला आहे. तेव्हा पाकीट काढण्याआधी मूळ नाव तपासा.)

चिरंजीवांना आता उडायचं होतं. नाक पश्चिमेकडं करून त्यानं विमान पळवलं, वेग ५५ नॉटच्या पुढं गेल्यावर हलकेच दांडी ओढली, आणि निघालो की आम्ही! नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. ५५ नॉट म्हणजे ताशी किती, ते तुम्हीच काढा. समुद्रकाठच्या धावपट्टीपेक्षा आपल्याकडं विमानाला जरा जास्त पळावं लागतं, कारण सहाशे मीटरवर हवा पाच-सहा टक्के विरळ असते आणि पंखांना तेवढी कमी पकड मिळते.

उजवीकडं वळून आम्ही पन्हाळ्याच्या दिशेनं निघालो. समोर डोंगर तर आला. पण चिरंजीव ओरडले, "काका, तट कुठं गेला? आणि कडा असा गुळगुळीत कसा? घसरगुंडी वाटालीय!"

ही मात्र खरी उणीव. तिची हकीकत पन्हाळ्यावरून थेट अंतराळात जाते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान सहा जणांना घेऊन अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याला ६० मीटर लांबीचा दांडा जोडला होता. यानात एक रडार अँटेना, दांड्याच्या टोकाला दुसरी. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं ना, तसंच. त्यावरून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली आणि ती माहिती सगळ्यांना खुली झाली. फ्लाइटगिअरच्या स्वयंसेवकांनी जगाचे डोंगर बांधले ते या आकड्यांवरून. पण सुरुवातीला आपल्याकडच्या भागाची जी माहिती खुली झाली, तिच्यात सुमारे दर ९० मीटरला एकच आकडा होता. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत संगणक सरळ उतार ओढतो. मधला ताठ कडा त्यात घसरगुंडी होऊन जातो, आणि काही मीटर जाडीचा तट तर जाळीतून मासा निसटावा तसा निसटतो.

तट, देऊळ, पूल, टाकी हे वेगळं बनवून ठेवावं लागतं. आणि ते ठेवतं कोण? ज्याला त्या जागेची माया आहे, तो. म्हणून ज्या गावात कुणी खटपट्या राहतो, त्या गावातला घंटेचा मनोरासुद्धा या जगात दिसतो, आणि दुसरं एखादं मोठं शहर ओकंबोकं राहतं. मला विचाराल तर फ्लाइटगिअरचा हा मोठा दोष आहे. विमानांचंही तसंच. एखाद्या विमानाचं प्रत्येक बटण चालतं, आणि दुसरं कुणीतरी हौसेनं सुरू करून अर्ध्यात सोडलेलं असतं. दुकानातल्या मालासारखं सगळं एकसारखं मिळणार नाही.

चिरंजीव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आले. "काका, पन्हाळा लई मोठा हाय. मी आमची बिल्डिंग बनवतो."

चार मजली बिल्डिंग, गच्चीवर पाण्याची टाकी. त्यानं ब्लेंडर नावाच्या प्रोग्रॅमात (हाही खुलाच) खोका उभा केला, खिडक्यांच्या जागी चित्र चिकटवलं. दिसत होतं झकास! मी विचारलं, "भिंतीचा हा फोटो कुठला रे?" तर म्हणाला, "नेटवरनं घेतला की."

मी म्हटलं, हे चालायचं नाही. फोटो ज्यानं काढला त्याचा. त्याच्या परवानगीशिवाय तो तुझ्या कामात घातलास, तर ते काम जीपीएलखाली तू देणार कसं? जे तुझं नाहीच, ते वाटायला तू कोण? नकाशाचंही तेच. कंपनीच्या नकाशावरून मापं उचलायची नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, तो २००४ पासून असाच लोकांनी मिळून बनवलेला आहे, तो नियम पाळून वापरता येतो.

स्वारी फुगली. "कोण बघतंय एवढं?" म्हणाला. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, पोराचा उत्साह मी उगाच मोडला. चार दिवस तो फिरकलाच नाही.

पाचव्या दिवशी खालून हाक आली. बघतो तर चिरंजीव मोबाइलवर आपल्याच भिंतीचे फोटो काढतायत, आणि दहावीतली ताई हातात टेप घेऊन उभी! तिचा मुद्दा वेगळाच होता. "काका, यानं उंची अंदाजानं ठोकलीय. आमच्या भूमितीत पहिलाच धडा समरूपतेचा आहे. मोजून टाकू की."

रीत सोपी आहे. एक मीटरची काठी उन्हात ताठ उभी करायची आणि तिची सावली मोजायची. त्याच वेळी बिल्डिंगची सावली मोजायची. काठी आणि तिची सावली, टाकी आणि तिची सावली, हे दोन त्रिकोण सारख्या आकाराचे. भर दुपारची वेळ, काठीची सावली ८० सेंटिमीटर. उत्तरेला मोकळा प्लॉट आहे म्हणून बरं, बिल्डिंगची सावली नीट जमिनीवर पडली होती. भिंतीपासून टाकीच्या सावलीच्या टोकापर्यंत भरले १०.८ मीटर. भागिले ०.८, उत्तर १३.५ मीटर.

ताई बोटांवर मोजायला लागली. "एक मजला तीन मीटरचा धर. चार मजले बारा मीटर. त्यावर कठडा, त्यावर टाकी. मग साडेतेराच कसे?"

आम्ही तिघंही डोकं खाजवत बसलो. काठी ताठ होती. टेप सरळ होता. भागाकार दोनदा केला. आणि मग चिरंजीव एकदम गच्चीकडं पळाले! वरून आवाज आला, "ताई, टाकी भिंतीवर नाहीच! ती आत हाय!"

खरंच की. टाकी भिंतीच्या काठापासून २.४ मीटर आत होती. सावली मोजायची ती टाकीच्या बरोबर खालच्या जागेपासून, आणि आम्ही मोजली भिंतीपासून. १०.८ आणि २.४ मिळून १३.२. भागिले ०.८, झाले १६.५ मीटर. ताईनं वहीत आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली.

अजून काम संपलेलं नाही बरं का. बिल्डिंगचे अक्षांश-रेखांश आणि तोंड कुठल्या दिशेला हे लिहायचंय. घरमालकांना विचारायचंय, कारण फोटो आमचा असला तरी भिंत त्यांची. मगच ती पाठवायची, आणि तिथली तपासणारी मंडळीही स्वयंसेवकच, त्यामुळे उत्तराची घाई करायची नाही. त्यांनी एखादी चूक काढली, तर पुन्हा टेप घेऊन खाली उतरायचं.

आईबाबांसाठी दोन शब्द. यात गुण नाहीत, शत्रू नाहीत, विमान पडलं तर पुन्हा धावपट्टीवर आणायचं. संगणक मात्र जरा दमदार लागतो आणि डाउनलोडही काही जीबींचं आहे. घरी उडवलेले तास पायलटच्या परवान्यासाठी मोजत नाहीत, तेव्हा तशी आशा मुलांना लावू नका. आणि मुलांनो, खऱ्या विमानतळाचे फोटो काढायला कुणी जायचं नाही. तिथले नियम कडक असतात, आणि आपल्याला आपली गल्ली भरपूर आहे.

या आठवड्यासाठी काम. आपल्या शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढा. सकाळी आठला एकदा, दुपारी बाराला एकदा. दोन उत्तरं वेगळी आली, तर कुठली जास्त खरी आणि का, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात आपण ती ताडून बघू. तोवर आमच्या टाकीचं काय झालं, तेही सांगेन.