आधी माणसे, मग ठिकाणे



सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी झाली आणि पैनगंगेकाठी पहाटेचे धुके दिसू लागले की आमच्या किनवटमध्ये घरोघरी एकच विषय निघतो, "औंदा कुठं जायचं?" फिरायला जायचे तर हेच दिवस. आपला महाराष्ट्र लांबरुंद आणि तापट. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो, लेण्यांचा कातळ तव्यासारखा तापतो. तेव्हा लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन डोंगर चढणे म्हणजे आजार विकत घेणे होय. म्हणून यंदाच्या डिसेंबरात आम्ही तीन घरे मिळून सात दिवसांची लेण्यांची सहल ठरवली आहे. ती ठरवताना जे शिकलो, ते या आठवड्याच्या सदरात मांडतो.

आधी आमची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी हीच तीन घरे अशीच निघाली होती. यादी आम्हीच केली होती. कारकुनी हात, त्यामुळे यादी झकास झाली. पाच दिवसांत चौदा ठिकाणे! प्रत्येक ठिकाणापुढे वेळ, अंतर, तिकीट, सारे रकान्यात. त्या यादीत फक्त एक रकाना नव्हता, आमच्या आईच्या गुडघ्यांचा. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गाडी थांबली की आम्ही घाईने चढायचो, घाईने उतरायचो, आणि आई खाली गाडीत बसून सामान राखायची.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही तेच झाले. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा मोठा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, ते लेणे भिक्खुसंघाला दान दिले, असे त्यात कोरलेले आहे. मुलाची थोरवी एका आईने दगडावर लिहून ठेवली, म्हणून आम्ही मुलांना मोठ्या कौतुकाने तो लेख दाखवत होतो. आणि आमची आई त्या वेळी डोंगराच्या पायथ्याला खिडकीशी बसून आमच्या पिशव्या सांभाळत होती. घरी आल्यावर शेजारच्या बायांनी विचारले, "काय काय पाह्यलं, मावशी?" आई हसून म्हणाली, "गाडी पाह्यली बाई. लई चांगली गाडी व्हती." तिच्या मनात राग नव्हता, पण ते वाक्य अजून आमच्या काळजातून गेलेले नाही.

यंदा आई शहात्तर वर्षांची आहे. म्हणून या वेळी आम्ही यादी उलटी केली. आधी माणसे लिहिली, मग ठिकाणे.

अमेरिकेत थंडीच्या दिवसांत उत्तरेकडची म्हातारी जोडपी फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना अशा उबदार राज्यांत फिरायला निघतात. त्यांच्या मोठ्या गाडीतच पलंग, चूल, न्हाणीघर असते. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा कॅराव्हॅन गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपल्या खिशाला ती गाडी परवडायची नाही. पण हिवाळ्यात गाडीवर संसार बांधून निघणे आपल्या माणसांना मुळीच नवे नाही. दरवर्षी मराठवाड्यातली हजारो कुटुंबे भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे ट्रकवर-ट्रॅक्टरवर घालून ऊसतोडीला निघतात. तो प्रवास पोटासाठी, उचल फेडण्यासाठी. आपल्या आईबापांनी आयुष्यात जो काही दूरचा प्रवास केला तो असा कामासाठी, नाहीतर ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला. नुसते पाहण्यासाठी, आनंदासाठी ते कधी गेले? ही सहल म्हणजे चैन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा.

नियोजनाची पहिली बैठक आमच्या ओट्यावर भरली. नियम एकच होता, बायका आधी बोलतील. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "मागच्या वेळी मी दिवसभर पाणीच प्यायले नाही. कुठं थांबायचं, हे तुम्ही कधी विचारलं?" आम्ही गप्प झालो. प्रवासात बायका तहान मारतात, त्याने लघवीचे विकार होतात, आणि आपण म्हणतो बाईला प्रवास सोसत नाही. ठरले की दर दोन तासांनी गाडी थांबेल आणि ती पेट्रोल पंपावर किंवा बसस्थानकावर, जिथे बायकांची सोय आहे तिथेच थांबेल. साडूंच्या घरच्या म्हणाल्या, "सहलीला जाऊन आम्ही पुन्हा भाकरीच थापायच्या का?" तेही मान्य झाले. पहिले दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची. त्यासाठी शेंगा फोडणे, चटणी कुटणे पुरुषांकडे. पुढचे दिवस खानावळीत जेवायचे. गॅसची टाकी गाडीत न्यायची नाही. माणसांनी भरलेल्या गाडीत ती धोक्याची आहे.

मग गाडीचा विषय निघाला. किनवटला रेल्वे आहे. नंदीग्राम एक्स्प्रेस औरंगाबाद, नाशिकरोडकडे जाते. दोघा-तिघांचे कुटुंब असेल तर रेल्वेनेच जावे, स्वस्त पडते. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, हेही हिशेबात धरावे. आमची मात्र तेरा माणसे, त्यांत एक म्हातारी आणि पाच मुले. स्टेशनवरून लेण्यांपर्यंत दर वेळी वेगळे वाहन करण्यापेक्षा सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर बरी. चार जागा उरतात. तीन जागांवर सामान आणि एक जागा आईला पाय लांब करायला.

ठिकाणांची यादी आता चौदावरून चारवर आली आहे. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. आम्ही आधी शनिवारी निघणार होतो, म्हणजे रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठ्याच्या बंद फाटकापुढे उभे राहिलो असतो! म्हणून मंगळवारी पहाटे निघायचे ठरवले. शनिवार-रविवारची सुटी धरून किरकोळ रजा पाच दिवसांचीच लागते.

मंगळवारी हिमायतनगर, भोकर, नांदेड, परभणी, जालना करत औरंगाबाद गाठायचे. २०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास असल्याने सारा दिवस रस्त्यावर जाणार. पहाटेची थंडी हलकी समजू नये. परभणीकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो. कानपट्ट्या आणि चादरी हाताशी असाव्यात.

बुधवारी वेरूळ, शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथल्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध लेणी आहेत. आम्ही तेवढीच सावकाश पाहणार. दहाव्या लेण्याच्या चैत्यगृहात स्तूपासमोर बसलेल्या बुद्धमूर्तीपुढे आईला अर्धा तास नुसते बसू द्यायचे.

गुरुवारी अजिंठा, शंभरेक किलोमीटर. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतली चित्रे आणि सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. हे आईला सांगितले तर ती म्हणाली, "जलमभर म्या डोक्यावर वझं वाह्यलं, आता दुसऱ्याच्या खांद्यावर म्या वझं व्हऊ?" गुरुजींनी समजावले की त्या माणसांचे पोट त्यावर चालते, ठरलेली मजुरी रोख आणि मानाने द्यावी. तरीही तिचे मन घेईना. यावर आम्ही वाद घातला नाही. तिथे गेल्यावर ती ठरवील. चालत निघाली तर जेवढी लेणी होतील तेवढी, आणि तिच्यासोबत आम्ही एक जण राहणार.

शुक्रवार विसाव्याचा. कपडे धुवायचे, उशिरा उठायचे, मग नागसेनवनात जायचे. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ज्याचा नामविस्तार झाला ते विद्यापीठ मुलांनी पायी फिरून पाहावे. तीस वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी त्या नावासाठी काय सोसले, ते तिथे उभे राहून सांगायचे.

शनिवारी येवल्यावरून नाशिक. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा ज्या गावी झाली, ते वाटेवरच आहे. आणि रविवारची सबंध सकाळ त्रिरश्मीला. दुसरे काहीही नाही. दुपारी परत फिरायचे, जालन्याला मुक्काम करून सोमवारी घर.

कार्ले, भाजे, कान्हेरी, महाड आम्ही गाळले. मुलांनी समुद्रासाठी रुसवा धरला. त्यांना सांगितले, समुद्र कुठे जात नाही, पुढच्या हिवाळ्यात जाऊ. आजीचे गुडघे मात्र वाट पाहणार नाहीत.

आता जमाखर्च. तिन्ही घरांनी दरमहा हजार रुपये प्रमाणे सव्वीस महिने भिशीसारखे साठवले. पासबुक गुरुजींच्या घरच्यांच्या नावावर आहे. जमा ७८,००० रुपये. आमचा फेरा दीड हजार किलोमीटरचा, पण गाडीवाला रोजचे किमान २५० किलोमीटर धरतो, म्हणजे सात दिवसांचे १,७५० किलोमीटर, दर २४ रुपये, एकूण ४२,०००. ही किमान अंतराची अट पुष्कळांना शेवटच्या दिवशी कळते आणि भांडण होते. ती आधीच कागदावर लिहून घ्यावी. चालकाचा भत्ता ३,५००, सहा रात्रींचा मुक्काम ९,०००, जेवणखाण ११,०००. एकूण ६५,५००. उरलेल्या १२,५०० रुपयांत टोल, तिकिटे, औषधे, डोली आणि अडीनडी. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांत तिकीट नसते.

आणखी तीन गोष्टी. एक, रात्री आठनंतर चाक फिरणार नाही. चालकही माणूस आहे. तो आपल्या पंगतीत जेवील आणि त्याला झोपायला अंथरूण मिळेल, कारण तेरा जिवांची दोरी त्याच्या डोळ्यांवर आहे. दोन, खोली मागताना आडनाव ऐकून तोंड फिरवणारे लोक आपल्यापैकी अनेकांना भेटले आहेत. म्हणून जागा आधीच फोनवर पक्की करावी, आगाऊ पैशांची पावती घ्यावी आणि मगच घर सोडावे. तीन, प्रत्येक मुलाला एकेक ठिकाण वाटून द्यावे. त्याने घरी वाचावे आणि तिथे आजीला समजावून सांगावे. आमच्या लेकीकडे त्रिरश्मी आले आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात यंदा सहलीचा विचार असेल तर कागद घ्या आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचे नाव पहिल्या ओळीत लिहा. त्याला जे झेपेल त्यावरून बाकीचे ठरवा. चार ठिकाणे कमी होतील, होऊ द्या.

आई हल्ली रोज संध्याकाळी नातीचा हात धरून विहाराच्या पायऱ्या चढते-उतरते. डॉक्टरांनी सावकाश चढायला हरकत नाही म्हटले आहे. परवा तिने नातीला विचारले, "त्या डोंगराला पायऱ्या किती म्हणलीस?" नात म्हणाली, "दोनशेच्या आसपास, आजी." आई शाळेत गेलेली नाही, पण हिशेब पक्का. क्षणभर बोटे मोडून म्हणाली, "मंग धाच इसा की! एक इस झाली की बसायचं, पाणी प्यायचं, मंग दुसरी इस." आम्ही सात दिवसांचा एवढा मोठा तक्ता केला, पण त्यातले सर्वांत चोख नियोजन तिचेच आहे.

जयभीम.