लहरी कोणाच्या?

बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी ती मूठभर धनिकांच्या हवालीही होता कामा नये. या निर्णयाचा पूर्वार्ध काही अंशी अमलात आला. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. उत्तरार्धाचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

बंधने उठली ती कोणती? गाणी वाजविण्याची मोकळीक मिळाली. स्वतःच्या बातम्या देण्याची मिळाली नाही. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा यांची माहिती द्यावी आणि आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवावे, एवढीच धोरणाची मुभा. म्हणजे नळाला पाणी केव्हा येणार हे सांगता येते. ते का आले नाही, याचा पाठपुरावा करता येत नाही! वृत्तपत्रांस व दूरचित्रवाणीस असलेले स्वातंत्र्य नभोवाणीस का नसावे? तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानेच सप्टेंबर २०२३ मध्ये केली आहे.

परंतु बंधने उठली की गावाला आपोआप वाचा फुटते, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. एका मालकाने देशभरात ४० हून अधिक नभोवाणी केंद्रे बाळगू नयेत, ही मर्यादा अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने काढून टाकली. काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनेल कंपनीकडे बाराशेच्या घरात केंद्रे गेली. केंद्रे गावोगाव राहिली. निवेदकाचा आवाज मात्र अनेक ठिकाणी दूरच्या शहरात ध्वनिमुद्रित होऊन येऊ लागला.

सरकारची मक्तेदारी घालवून सावकाराची आणणे ही सुधारणा नव्हे. लोकांना आपल्या गावचा आवाज हवा आहे. म्हसवडसारख्या दुष्काळी भागातील गावाने सामुदायिक केंद्र चालवून ते दाखविले. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा २०२३ मधील निर्णय लोकांच्या विरोधामुळे स्थगित करावा लागला, यावरूनही तेच दिसते.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. स्थानिक बातम्यांवरील बंदी उठवावी. एका शहरातील ४० टक्क्यांहून अधिक वाहिन्या एका मालकास न देण्याची मर्यादा ढिली होऊ देऊ नये. आणि लिलावाच्या उत्पन्नातील निश्चित वाटा सामुदायिक केंद्रांस द्यावा. मालमत्ता जनतेची असेल, तर तिच्यावरून जनतेचे बोलणेही ऐकू आले पाहिजे.