विहिरीशेजारचं डिझेल



दुबई मरीनात फिरताना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. साहजिकच आहे, कारण आपण इथे पितो ते पाणी समुद्राचंच, क्षार काढलेलं. मग २०१० मधली मुंबईजवळची 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर आठवते, आणि कंपन्या व सरकार दोषी यावर आपलं एकमत होतं.

गेल्या सुट्टीत सांगली जिल्ह्यात भावाच्या शेतावर गेले. विहिरीपासून वीस पावलांवर डिझेलची तीन पिंपं, उघड्या मातीवर. खालची माती काळी पडलेली. "ताई, थेंबभर सांडतं, त्यात काय एवढं?" भाऊ म्हणाला.

कायद्याने तो चूक नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल, एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर, विनापरवाना साठवता येतं. अमेरिकेतही, जिथे टाकीभोवती बांध घालण्याचे नियम १९७० च्या दशकापासून आहेत, तिथल्या काँग्रेसने २०१४ मध्ये २,५०० गॅलनपेक्षा (सुमारे ९,५०० लिटर) कमी साठ्याच्या शेतांना त्यातून वगळलं.

शेतकऱ्याला कागदपत्रांतून सूट हवीच. बांधातून मात्र नको. डिझेलचा तवंग दिसतो, पण त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात, ते दिसत नाहीत. आपल्या बेसॉल्टमध्ये भूजल खडकाच्या भेगांतून वाहतं. तिथे वाळूची गाळणी नाही.

"शेतकरी आधीच पिचलाय, त्याच्या मागे आणखी नियम कशाला?" असं आपल्यातलेच पुरोगामी म्हणतील. त्यांना माझा प्रश्न आहे: त्या विहिरीचं पाणी पितं कोण? आमच्या घरात फिल्टर आहे. शेतावर ऊस तोडायला येणारी कुटुंबं मात्र तेच पाणी पितात. 'शेतकरी' म्हणताना आपण त्यांना मोजतच नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. विहिरीपासून दूर सिमेंटचा ओटा, भोवती पिंपातलं सगळं तेल मावेल एवढा कठडा, पावसासाठी वर पत्रा. सरकारने हे सक्तीचं करावं आणि लहान शेतकऱ्याला त्यासाठी अनुदान द्यावं.

आणि आपण? भावाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला मी बिनबोभाट पैसे पाठवले. डिझेल कुठे ठेवतोस, हे एकदाही विचारलं नाही. ओट्याचे पैसे आता पाठवले आहेत. तुम्हीही गावी फोन कराल तेव्हा विचारा. पटत नसेल तर जरूर भांडा.