आधी पोराचा श्वास मोजा

बोकाव्हायरस बोक्यामुळे होतो का, असं या पंधरवड्यात मला तिघांनी विचारलं. त्यातल्या एकाने तर घरातलं मांजर बाहेर काढलं होतं. तेव्हा आधी ते मिटवून टाकू. नावातला 'बो' म्हणजे बोव्हाइन, गुरांचा. 'का' म्हणजे कॅनाइन, कुत्र्यांचा. याच्या भावकीतले विषाणू आधी गुरांत आणि कुत्र्यांत सापडले होते, म्हणून हे जोडनाव. माणसातला बोकाव्हायरस माणसाकडूनच माणसाला लागतो. मांजर घरात घ्या.

आणि तो नवाही नाही. २००५ साली स्वीडनमध्ये टोबियास अलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. त्याच्या आधीही तो पोरांच्या नाकात होताच, फक्त कोणाला दिसत नव्हता. पुण्याच्या एनआयव्हीतल्या संशोधकांनी जुलाब झालेल्या मुलांमध्ये तो शोधला आणि २०१७ साली तो अभ्यास छापून आला. सहा महिने ते दोन वर्षं हे त्याचं मुख्य गिऱ्हाईक. पाच-सहा वर्षांची होईस्तोवर बहुतेक पोरांना तो होऊन गेलेला असतो आणि घरात त्याची नोंद 'सर्दी झाली होती' एवढीच असते.

आता त्या रिपोर्टचं. मालवणातल्या एका ओळखीच्या बापाने मला रात्री साडेदहाला खासगी लॅबच्या कागदाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "भाऊ, बातमी लावा. मालवणात नवो व्हायरस इलोहा."
मी विचारलं, "झील दूद पिता काय?"
"पिता, खेळता पण. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह इलोहा मां!"

मी बातमी लावली नाही. या विषाणूचा स्वभावच असा की पोरगं बरं झाल्यावरही त्याचे अंश नाकात काही आठवडे, कधी कधी महिने सापडतात. ठणठणीत मुलांतही सापडतात. आणि आजारी मुलात तो बऱ्याचदा आरएसव्ही किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूच्या सोबतीने असतो. म्हणजे कागदावर 'डिटेक्टेड' लिहिलंय म्हणून आजचा खोकला त्याचाच, असं म्हणता येत नाही. शिवाय तो आहे असं कळून करणार काय? त्यावर औषध नाही, लस नाही. मोठ्या हॉस्पिटलात अत्यवस्थ बाळाच्या बाबतीत अशा तपासणीला अर्थ असतो. खेळणाऱ्या पोरासाठी काही हजार रुपये मोजून आपण फक्त एक भीतीदायक नाव विकत घेतो.

आमच्या धंद्याने यात हात धुऊन घेतलेत, हेही लिहिलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही सापडला आणि चॅनेलांनी दुसरा कोरोना आणला. तो विषाणू २००१ पासून माहीत आहे. आठवडाभर मास्क, लॉकडाऊन, चीन. त्या आठवड्यात एका तरी अँकरने बाळाचा श्वास कसा मोजायचा हे दाखवलं का? मला तरी दिसलं नाही.

मोजायला कठीण नाही. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट-छाती किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात आहे, डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. व्हायरस बोका असो की आणखी कुठला, या खुणा त्याच आहेत. आणि उपचारही बराचसा तोच: गरज पडली तर ऑक्सिजन, पोटात पाणी-दूध जात राहणं आणि लक्ष ठेवणं. कमी दिवसांची जन्मलेली किंवा हृदयाचा त्रास असलेली बाळं असतील त्यांनी जास्त जपायचं.

सिरपचं मात्र ओरडून सांगतो. "डॉक्टरांनी औषध दिलं नाही, नुसतं घरी पाठवलं" ही तक्रार मी दर पावसाळ्यात ऐकतो. त्यापेक्षा मेडिकलमधून बाटली आणलेली बरी वाटते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक पोरं कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमुळे गेली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं बंद पडली. त्यातली कित्येक पोरं उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. आजार काय होता? साधा खोकला-ताप. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोतच. बोकाव्हायरसचं वय नेमकं हेच आहे. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही. औषध न देणारा डॉक्टर कामचुकार नसतो.

आता सरकारी बाजू. केंद्राने २०१९ मध्ये न्यूमोनियासाठी 'सांस' मोहीम काढली, दर वर्षी १२ नोव्हेंबरपासून बॅनर लागतात. न्यूमोकोकल लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. बोकावर ती चालत नाही, पण न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर चालते. कार्ड काढून बघा, तिसरा डोस राहिलाय का.

कोरोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'वेळी घरोघरी ऑक्सिमीटर फिरले. ते मोठ्या माणसाच्या बोटाचे. आठ महिन्यांच्या बाळाला त्याचा उपयोग नाही, त्याला पायाला लावायचा छोटा प्रोब लागतो. आचरा, मसुरेसारख्या प्रत्येक आरोग्य केंद्रात तो प्रोब आणि बाळाच्या नाकाच्या मापाची ऑक्सिजनची नळी हवी, एवढी ही मागणी आहे. ती नसेल तर आई पोराला घेऊन ओरोसला धावते आणि तिथून पुढे बांबोळीला. या वाटेवर ऑक्सिजन लागतो, व्हायरसचं नाव लागत नाही.

दुसरी मागणी जिल्हा आरोग्य विभागाकडे. पाच वर्षांखालची किती मुलं न्यूमोनियाने दाखल झाली, हा आकडा तालुकावार दर आठवड्याला जाहीर करा. कोरोनात रोज संध्याकाळी आकडे यायचे, तेव्हा जमलं होतं. गणपतीत चाकरमानी येतात, घरं भरतात, दीड-दोन वर्षांची पोरं एका चटईवर लोळतात, आणि विसर्जनानंतर वाडीभर खोकला सुरू होतो. तो आकडा हातात असेल तर मी पहिल्या पानासाठी भांडेन.

तोवर हात साबण-पाण्याने धुवा. बोकावर सॅनिटायझरचा फार भरवसा नाही. आणि बारशाला गेलात तर बाळाचा मुका घेऊ नका, रागावणाऱ्या आत्या-मावश्या रागावू देत.