कोष ते जबडा : नोंदवहीचे महत्त्व

तुती उत्पादकांच्या एका प्रशिक्षणवर्गात एका शेतकऱ्याने मला विषयाबाहेरचा प्रश्न विचारला. दात काढल्यानंतर त्यांच्या जबड्याचे हाड झिजले होते. दंतवैद्यांनी त्या जागी हाडाची भुकटी भरून वर पडदा लावण्याचा सल्ला दिला होता. "ही भुकटी कोणत्या जनावराची, हे मी विचारले तर चालेल का?" विचारलेच पाहिजे, असे मी उत्तर दिले. हा प्रश्न आपल्या क्षेत्रालाही लागू पडतो.

प्राणिज भुकटी बहुधा गोवंशाच्या हाडापासून तयार होते. उष्णता व रसायनांनी त्यातील सेंद्रिय अंश काढला की सच्छिद्र खनिज सांगाडा उरतो आणि रुग्णाच्या स्वतःच्या हाडपेशी त्यावर वाढतात. पडदा बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गोवंशाच्या कोलॅजेनचा असतो. हिरडी झपाट्याने वाढते, हाड सावकाश भरते; हिरडीने पोकळी व्यापू नये म्हणून हा बांध घालावा लागतो. ही साधने उपयुक्त आहेत. तथापि श्रद्धा व आहारनियम जपणाऱ्या आपल्या समाजात त्यांचे मूळ शस्त्रक्रियेपूर्वी सांगणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला येथे रेशीम किड्याची आठवण होते. रेशीम हेही प्राणिजच. मात्र त्याचे मूळ निराळे. कोषातील सेरिसिन हा डिंक काढल्यावर उरणाऱ्या फायब्रॉइन प्रथिनापासून पडदे बनविता येतात. दक्षिण कोरियात कोषाच्या थरापासून केलेल्या पडद्यांचा हाड भरून येण्यासाठी अभ्यास झाला आहे. टसर फायब्रॉइनमध्ये तर पेशींना चिकटण्यास मदत करणारा अमिनो आम्लांचा क्रम निसर्गतःच असतो. तुती, टसर, एरी व मुगा या चारही रेशमांचे व्यापारी उत्पादन घेणाऱ्या भारताने या संशोधनात मागे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु अतिउत्साहही नको. रेशीम प्रामुख्याने पडद्याला पर्याय ठरू शकेल. हाडाच्या खनिजाची जागा ते एकटे घेणार नाही. सेरिसिन नीट न निघाल्यास शरीरात दाह होऊ शकतो. टसरचे फायब्रॉइन विरघळविणेही तुतीच्या रेशमाइतके सोपे नाही. शिवाय बायव्होल्टाइन कोषाचे कवच अर्धा ग्रॅमही भरत नसले, तरी एका लहान पडद्याला तेवढेही पुरेसे असते. म्हणून कोषाचा भाव वाढेल, असे आश्वासन विस्तार कार्यकर्त्यांनी कोणालाही देऊ नये.

मग आज काय करावे? लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात पेब्रिन रोगासाठी मादी पतंगाच्या तपासणीची पद्धत घालून दिली. रोगमुक्त अंडीपुंजांची शिस्त तेथूनच आली. हीच शिस्त पुढे न्यावी. अंडीपुंजांचा क्रमांक, तुतीवरील फवारणीचे औषध व तारीख, संगोपनगृहातील निर्जंतुक द्रव्य आणि कोष काढणीचा दिवस यांची प्रत्येक पिकाची नोंद ठेवावी. वैद्यकीय उपयोग दूर असला तरी ही नोंदवही वाया जात नाही; पीक बिघडल्यास कारण शोधण्यास तीच उपयोगी पडते.

जबड्यात काय भरले जाते, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. उद्या तो प्रश्न कोषापर्यंत आला, तर आपल्या शेतकऱ्याजवळ लेखी उत्तर असावे.