दोन डॉलरचे नाणे आणि वर्षाची फी

ईदच्या सुटीनंतर आठवीतल्या एका मुलाची अम्मी आम्हाला भेटायला आली. पिशवीतून प्लास्टिकची डबी काढून म्हणाली, "सर, ह्याच्या मामूने दुबईहून आणलंय. लाखाचं आहे म्हणतात. विकून वर्षाची फी भागेल का?"

डबीत चांदीचे नाणे होते. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला सिनेमातले पात्र आणि अक्षरे : न्यूए, दोन डॉलर.

न्यूए हे दक्षिण पॅसिफिकमधले बेट. वस्ती दोन हजारांहून कमी. तिथला रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. ही नाणी तिथल्या बाजारासाठी नसतात, जगभरच्या संग्राहकांसाठी असतात. बेटाचे सरकार नाव आणि मान्यता देते, नाणी परदेशी टांकसाळीत पडतात आणि विक्रीतला वाटा बेटाला मिळतो. कुक बेटे आणि तुवालूच्या नावानेही अशी नाणी निघतात. नाणे खरे, चांदीही खरी.

मात्र त्याच्या किमती तीन. छापलेली, दोन डॉलर. धातूची, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीची. तिसरी हौसेची, ती हौशी गिऱ्हाईक भेटले तरच मिळते.

मायलेकांना घेऊन आम्ही सोलापूरच्या सराफ बाजारात गेलो. सराफाने नाणे तोलले आणि चांदीचा भाव सांगितला. "चित्राचे पैसे आम्ही देत नाही." फीचा एखादा हप्ता निघाला असता, वर्ष नव्हे.

मग तिने मोबाईल दाखवला. कुणी अनोळखी नाणे पाच लाखांना घ्यायला तयार होता. आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवायचे होते. आम्ही हात जोडून थांबवले. जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून फी, कमिशन मागितले जाते. बँक असले व्यवहार करत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. जो विकत घेतो तो पैसे देतो, मागत नाही.

आणखी एक. हनफी मताप्रमाणे चांदी हौसेची असली तरी चांदीच. निसाब ६१२.३६ ग्रॅम. साहिबे-निसाब घरांनी अशी नाणीही जकातीच्या हिशोबात धरावीत. शंका असेल तर आलिमांना विचारावे.

फी हप्त्याने भरण्याचा अर्ज आम्हीच लिहून दिला. नाणे मुलाकडेच राहिले. भूगोलाच्या तासाला त्याने नकाशात न्यूए शोधून दाखवले.