शोषखड्डा सगळीकडे चालत नाही! बारामती-इंदापूरच्या गावांसाठी सांडपाण्याचं गणित काय?

एप्रिल 2021 मध्ये इंदापूर तालुक्यासाठी उजनीतून 5 टीएमसी पाणी उचलण्यास मंजुरी मिळाली. पुणे-पिंपरी चिंचवडकडून उजनीत येणारं सांडपाणी, असं त्या पाण्याचं वर्णन होतं. सोलापुरात आंदोलनं पेटली आणि मे महिन्यात तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. शहराच्या सांडपाण्यावरून दोन जिल्हे भांडले. गावच्या गटारीतून ओढ्याला जाणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

गावात किती सांडपाणी तयार होतं?

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होतं, असं धरतात. म्हणजे 3000 वस्तीच्या गावात रोज सुमारे 1 लाख 32 हजार लिटर. नळ घरोघरी आले, गटारी मात्र होत्या तशाच राहिल्या.

मग शोषखड्डे का नकोत?

हवेत, पण जमीन बघून. सुपे, मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात मुरमाड जमीन आहे. तिथे खड्डा पाणी पितो. नांदेडच्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारी आणि डास दोन्ही घालवले, ते उदाहरण या गावांना लागू पडतं.

नीरा डावा कालवा 1885 चा. त्याच्या खालच्या बागायती पट्ट्यात भारी काळी माती, त्यात वर्षानुवर्षांच्या पाण्यानं काही रानं चोपण झालेली. अशा मातीत पाणी मुरतच नाही. भूजल वर असेल तर खड्ड्यातली घाण थेट विहिरीत उतरण्याचा धोका. तरीही एकच नकाशा सगळ्या गावांना दिला जातो, कारण खड्ड्यांची संख्या अहवालात भरायला सोपी असते.

पर्याय काय?

काळ्या मातीच्या गावाला स्थिरीकरण तळं बरं. ऊन आणि शेवाळ मिळून पाणी साफ करतात, मोटर लागत नाही. 12 दिवस पाणी थांबवायचं आणि दीड मीटर खोली ठेवायची म्हटलं, तर वरच्या गावाला साडेदहा गुंठ्यांच्या आसपास तळं लागेल. बांध-रस्त्याची जागा वेगळी. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चार-पाच एकर चारा किंवा बांबू निघू शकतो. भाजीपाल्याला मात्र ते देऊ नये. शहरासारखा यंत्रांचा प्रकल्प अशा गावानं घेऊच नये. वीजबिल थकलं की तो बंद पडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पैसे कुठून?

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची तरतूद आहे. 3000 वस्तीला 8 लाख 40 हजार. यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीनं 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा.

अडचण जागेची आहे. गायरानावर तळं म्हटलं की शेजारचा शेतकरी वासाच्या भीतीनं हरकत घेतो, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. गाळ वेळेवर काढला नाही तर वास येतोच. म्हणून गाळ काढण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पहिल्याच वर्षी धरायला हवा आणि तो आकडा ग्रामसभेत त्या शेतकऱ्यासमोर वाचायला हवा.